समईचा छाप परत नोंदवताना

9 जुलै 2024 ला दुपारी वकीलबाईंचा फोन आला. "सर्टिफिकेट निघालं, मेल बघा." आमच्या चादरीच्या छापाचं, म्हणजे ट्रेडमार्कचं, प्रमाणपत्र. ते आता टपालानं येत नाही, पीडीएफ येते. मी ती मोबाईलवर नायनांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर धरली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "छापून आण. यात काय दिसतंय?" म्हणून अशोक चौकात जाऊन दहा रुपयांची रंगीत प्रिंट काढली. ती हातात घेऊन ते बराच वेळ बसून राहिले.

ओळखीतल्या तीन-चार कारखानदारांनी विचारलं, कसं केलं, किती लागले, किती दिवस गेले. सगळ्यांना एकदाच सांगता यावं म्हणून लिहिते आहे. छापाचं पूर्ण नाव इथे देत नाही, जाहिरात करायची नाही. चित्र समईचं आहे आणि खाली आमच्या अव्वाचं, म्हणजे आजीचं नाव. गिऱ्हाईक मात्र कायम "समईवाली चादर" असंच मागायचं.

आमचे तात, म्हणजे आजोबा, तेलंगणातून सोलापुरात आलेले विणकर. 1877 साली सुरू झालेल्या जुन्या गिरणीत ते कोवळ्या वयात लागले. 1949 मध्ये ती गिरणी बंद पडली, पुढच्या जानेवारीत सरकारने वटहुकूम काढून ती ताब्यात घेतली. मधले ते महिने अव्वा विड्या वळायची, त्यावर घर चाललं. तेव्हाच त्यांनी ठरवलं होतं की कधीतरी स्वतःचा माग घालायचा. तो घालायला 1962 उजाडलं. साखर पेठेत भाड्याच्या खोलीत दोन माग बसले, आणि 1974 पासून चादरीच्या काठाला समई विणली जायला लागली.

चादर जकार्डवरची, म्हणजे भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी उठवणाऱ्या मागावरची, दुहेरी विणीची. एका बाजूला लाल जमिनीवर पांढरी नक्षी, उलटली की पांढऱ्यावर लाल. वजन एक किलो नऊशे. समईचे पुठ्ठ्याचे पत्ते तातांनी स्वतः शेजारी बसून पाडून घेतले होते. 1985 च्या सुमाराला आमचे 24 माग होते. लग्नाच्या रुखवतात, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत, पंढरपूरच्या वारीत आमची चादर जायची. मी शाळेत होते तेव्हा एसटी स्टँडवर कुणाच्या तरी वळकटीत समई दिसली की मी तिकडे बघतच राहायची.

उतरण कशी लागली, तेही सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याशी बांधलेलं आहे. नव्वदच्या दशकात कृत्रिम धाग्याची मऊ ब्लँकेटं स्वस्तात यायला लागली. पानिपतकडचा माल फुटपाथवर सोलापुरी म्हणून विकला जाऊ लागला. सुताचे भाव चढत राहिले. व्यापारी म्हणायचे, दिसायला हीच पाहिजे, पण तीस रुपये कमी करा. 1998 मध्ये नायनांनी वजन एक किलो साडेतीनशेवर आणलं आणि स्वस्त रंग घेतला. त्या वर्षी बार्शीच्या एका बाईंनी चादर दुकानात परत आणून टाकली. पहिल्याच धुण्यात लाल रंग त्यांच्या यजमानांच्या धोतरावर उतरला होता. काका तेव्हा चार माणसांसमोर नायनांना बोलले. दोघा भावांत जे तुटलं ते तिथून. 2004 मध्ये तात गेले, 2009 मध्ये वाटणी झाली. आमच्या वाट्याला आठ माग आले. त्यांवर आम्ही दुसऱ्यांचा माल मजुरीनं विणायला लागलो. वाटणीपत्रात माग, मोटारी, कपाटं, अगदी वजनकाट्याचीही नोंद आहे. छापाची नाही. तो कुणाला आठवलाच नाही.

मी स्वतः गणवेश शिवून देण्याचं छोटं युनिट चालवते, बारा मशीन आहेत. 9 सप्टेंबर 2022 ला माझ्या जावेनं मोबाईलवर एक चादर दाखवली. पॉलिस्टरची, 349 रुपये, आणि काठाला समई. खाली अव्वाचंच नाव, फक्त एका अक्षराचा फरक. विकणारा परराज्यातला. अव्वाला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. तिचं नाव त्या चकचकीत कापडावर बघून मला रात्रभर झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी नायनांनी कपाटातून तातांची फाइल काढली. 1978 चं नोंदणीचं प्रमाणपत्र त्यात होतं, आणि त्याच्या मागे ट्रेडमार्क कार्यालयाचं एक पाकीट, न फोडलेलं. आत 2006 ची नूतनीकरणाची सूचना होती. जुन्या कायद्यात नोंदणी सात वर्षांची असायची. तातांनी 1985, 1992 आणि 1999 ला न चुकता पैसे भरले होते. 2006 ला भरायला ते नव्हते, आणि इंग्रजी पाकीट बघून कुणीतरी ते तसंच फाइलमध्ये सरकवलं होतं. नायना म्हणाले, "मीच ठेवलं असेल." पुढे आम्ही दोघंही काही बोललो नाही.

तुमच्या घरात जुना नोंदणी क्रमांक असेल तर सगळ्यात आधी तो ट्रेडमार्कच्या सरकारी वेबसाइटवर टाकून बघा. फुकट आहे. आमच्यापुढे 'रिमूव्हड', म्हणजे नोंद काढून टाकलेली, असं दिसलं. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत असाल तर दंड भरून नोंद पुन्हा जिवंत करता येते. आमची सोळा वर्षं उलटून गेलेली, म्हणून अर्ज नव्यानेच करायचा होता. वकीलबाईंनी आणखी एक विचारलं, "चादरीच्या लेबलवर अजून रजिस्टर्ड छापताय का?" जुन्या ब्लॉकनं छापलेल्या लेबलांवर ते होतंच. नोंदणी नसताना तसं लिहिणं कायद्यात बसत नाही, तेव्हा तर तो गुन्हाच होता. त्याच संध्याकाळी उरलेली लेबलं बाजूला काढली. अर्ज केल्यावर 'टीएम' लिहिता येतं, गोलातला 'आर' मात्र प्रमाणपत्र हातात आल्यावरच.

अर्ज नायनांच्या नावे करायचं ठरलं, कारण मागांची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, त्यांच्या नावावर आहे. ही नोंदणी फुकट होते आणि ती असली की ट्रेडमार्कची ऑनलाइन फी एका वर्गाला 9,000 ऐवजी 4,500 पडते. वर्ग म्हणजे मालाचा प्रकार. चादर, टॉवेल, पलंगपोस 24 मध्ये येतात, अंगावर घालायचे कपडे 25 मध्ये. मला चादरीच्या कापडाची जाकिटं शिवायची आहेत, म्हणून दोन्ही घेतले. वकीलबाईंनी दोन्हींचे अर्ज वेगळे करायला लावले. एकात अडचण आली तर दुसरा अडकत नाही. हा सल्ला पुढे फार उपयोगी पडला.

लेबलवर तातांच्या काळापासून 'सोलापुरी चादर' असंही लिहिलेलं होतं. ते शब्द अर्जातल्या चित्रातून काढले. सोलापुरी चादर हे नाव भौगोलिक मानांकनात, म्हणजे एखाद्या गावाच्या खास मालाच्या नावांच्या सरकारी नोंदीत, नोंदलेलं आहे, ते सगळ्या सोलापूरचं आहे, एका घराच्या छापात त्याची मालकी मागता येत नाही.

मग राहिला काकांचा प्रश्न. छाप तातांच्या भागीदारी फर्मचा होता. काका आणि भिवंडीची आत्या यांची लेखी संमती नसती तर उद्या त्यांच्यापैकी कुणाच्याही मुलानं हरकत घेतली असती. आत्यानं फोनवरच हो म्हटलं आणि शंभरच्या स्टँपवर सही करून कुरियरनं कागद पाठवला. काकांशी मात्र आमच्या घराचं तेरा वर्षांत बोलणं नव्हतं. लग्नाकार्याला समोरासमोर आले तरी दोघं भाऊ मान वळवायचे.

मी विडी घरकुलला, काकांच्या घरी, एकटीच गेले. काकूनं चहा ठेवला. काकांनी कागद दोनदा वाचला.

"तुझ्या बापानं पाठवलं का तुला?"

"नाही काका. त्यांना म्हटलं मी जाते, तर काहीच बोलले नाहीत."

"बोलणार कसा ओ. चादर हलकी केली त्यानं. लोकं चादर हातात घेऊन तोलायची, आन् मग माझ्या तोंडाकडं बघायची. मी काय सांगायचं त्यांना?"

मी गप्प बसले. खरंच होतं ते. मग ते उठले, आतून एक चादर घेऊन आले आणि माझ्या मांडीवर ठेवली. 1986 ची, त्यांच्या लग्नातली. अडतीस वर्षांची मी बाई, पण त्या वजनाने पुन्हा लहान झाल्यासारखं वाटलं. काका म्हणाले, "सही करतो. पण समई लावायची तर वजन तातांचंच पाहिजे. एक किलो नऊशे. कागदावर लिही नाहीतर नको लिहू, मला शब्द दे." मी दिला. नायनांना न विचारता दिला. घरी येऊन सांगितल्यावर ते एवढंच म्हणाले, "बरोबर आहे त्याचं."

पुरावे गोळा करण्यात सगळा ऑक्टोबर गेला. 'आम्ही 1974 पासून हा छाप वापरतो' असं म्हणायचं तर अर्जासोबतच प्रतिज्ञापत्र आणि कागद जोडावे लागतात, मागाहून देतो म्हणून चालत नाही. जुनी बिलं, सूतवाल्यांची पत्रं, 1983 चं आमच्या छापाचं कॅलेंडर, गड्ड्यावरच्या स्टॉलचा फोटो, काकांची चादर. नवी पेठेतल्या एका जुन्या दुकानदारांनी माळ्यावरून 1991 चं बिलबुक काढून दिलं. धुळीनं त्यांना दोन दिवस खोकला झाला, तरी चहाशिवाय काही घेतलं नाही. एक लक्षात ठेवा: 'चादर 40 नग' असं लिहिलेलं बिल फारसं कामाचं नसतं. बिलावर छापाचं नाव हवं. आमची निम्मी बिलं याच कारणानं बाजूला पडली.

14 नोव्हेंबर 2022 ला दोन्ही अर्ज दाखल झाले. दोन दिवसांतच अनोळखी फोन सुरू झाले. "तुमच्या अर्जात त्रुटी आहे, आज इतके पैसे भरा." अर्जाची माहिती वेबसाइटवर कुणालाही दिसते, त्यावरून हे लोक नंबर काढतात. घाबरू नका, एक पैसा देऊ नका. कार्यालयाचं जे काही असेल ते अर्जाच्या क्रमांकाखाली वेबसाइटवर दिसतं.

कार्यालयानं अर्ज तपासून दिलेला परीक्षण अहवाल 6 मार्च 2023 ला आला. 24 च्या अर्जाला आक्षेप: मिळताजुळता छाप आधीच अर्जात आहे. बघितलं तर तोच परराज्यातला विक्रेता. त्यानं 2016 मध्ये अर्ज टाकून ठेवला होता आणि वापर पुढे करणार असं लिहिलं होतं. उत्तराला एक महिना असतो. वकीलबाई म्हणाल्या, "2008 पर्यंतचा तुमचा वापर पक्का दिसतो. पण 2009 नंतर तुम्ही मजुरीचं काम करता. छाप सोडून दिला असं ते म्हणतील. मधल्या चौदा वर्षांत एक तरी चादर समईची विकली का?"

मला वाटत होतं, नाही. नायनांकडे बघितलं. ते म्हणाले, "पंढरपूरला जायच्या की."

हे मला माहीतच नव्हतं. वाटणीनंतरही अव्वा दरवर्षी आषाढीच्या आधी एक माग पंधरा दिवस मोकळा करून घ्यायची. पंढरपूरच्या एका दुकानदाराला चाळीस-पन्नास चादरी पाठवायची. नायना वैतागायचे, मजुरीचा माग अडवून काय मिळतं म्हणायचे. ती म्हणायची, विठोबाच्या गावात तरी माझं नाव राहू दे. आणि त्या चादरींत ती वजन कमी करू द्यायची नाही, सूत स्वतः तोलून द्यायची. ती गेल्यावरही नायनांनी दोन वर्षं हे चालू ठेवलं होतं, कुणालाही न सांगता.

12 मार्चला सकाळच्या एसटीनं पंढरपूर गाठलं. आमच्या बिलांवर नुसतं 'चादर' लिहिलेलं, म्हणजे पुन्हा तीच अडचण. पण त्या दुकानदारकाकांनी स्वतःची खातेवही काढली. 2010, 2011, 2012, प्रत्येक आषाढाच्या पानावर त्यांच्या हातानं 'समई 45', 'समई 50'. 2020 च्या पानावर काहीच नव्हतं, त्या वर्षी वारीच पायी निघाली नव्हती. बाकी सगळं होतं. मी विचारलं, समई असं का लिहिलंत? "अहो, वारकरी तसंच मागतात. गेल्या वर्षीची समईवाली आहे का, म्हणून. मी काय वेगळं लिहू?" मला तिथेच रडू आलं. त्यांनी वहीच्या तेरा पानांची झेरॉक्स दिली, प्रत्येक पानावर सही-शिक्का मारला आणि त्यांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्रही करून दिलं. ते करायला तहसीलजवळ त्यांना दीड तास उभं राहावं लागलं.

उत्तर 31 मार्चला गेलं. त्यानंतर काहीच नाही. एप्रिल, मे, जून. मी रोज रात्री जेवण झालं की अर्जाचा क्रमांक टाकून बघायची. रोज 'ऑब्जेक्टेड', म्हणजे आक्षेप कायम. या काळात करण्यासारखं काही नसतं, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरतं. सुनावणीची तारीख मात्र चुकवू नका, गैरहजर राहिल्यास अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

सुनावणी 21 नोव्हेंबर 2023 ला, व्हिडिओवर. मुंबईला अँटॉप हिलच्या कार्यालयात जावं लागेल म्हणून नायनांनी सिद्धेश्वर एक्स्प्रेसची चौकशीही करून ठेवली होती, त्याची गरज पडली नाही. वकीलबाईंच्या केबिनमध्ये आम्ही तिघं सकाळी साडेदहाला बसलो. तिघं म्हणजे मी, नायना आणि काका. काकांना मी फक्त तारीख कळवली होती, ते आपणहून आले. नंबर लागायला दोन तास गेले. दोघं भाऊ एकाच बाकावर, मध्ये माझी पर्स. अधिकाऱ्यांनी सात-आठ मिनिटं ऐकलं. खातेवहीची पानं पडद्यावर पुन्हा मागे नेऊन बघितली, 2020 चं पान कोरं का ते विचारलं. वकीलबाईंनी सांगितलं. बाहेर पडल्यावर काका नायनांना म्हणाले, "चल, चहा घेऊ."

12 फेब्रुवारी 2024 च्या सोमवारी ट्रेडमार्क जर्नलमध्ये, म्हणजे मंजूर अर्ज लोकांसमोर ठेवणाऱ्या सरकारी पत्रात, समई छापून आली. जर्नल दर सोमवारी निघतं. त्यानंतर चार महिने कुणीही विरोध नोंदवू शकतं. तो परराज्यातला विक्रेता विरोध करेल या भीतीनं मला अगदी 12 जूनपर्यंत धड जेवण गेलं नाही. विरोध आला असता तर प्रकरण आणखी कित्येक महिने लांबलं असतं आणि खर्चही आमच्या आवाक्याबाहेर गेला असता. आला नाही. मध्ये बिलासारखी दिसणारी दोन खोटी पत्रं आली, जर्नलमध्ये नाव आल्याचे पैसे भरा म्हणणारी. त्यालाही काही द्यायचं नसतं.

खर्च विचारतात म्हणून सांगते. सरकारी फी दोन वर्गांची 9,000. वकीलबाईंचे अर्ज, उत्तर आणि सुनावणी मिळून 11,500. स्टँप, नोटरी, झेरॉक्स, कुरियर 2,300. जाण्यायेण्याचे 900. एकूण 23,700. पुढचं नूतनीकरण दहा वर्षांनी. अर्जाच्या तारखेपासून धरतात, प्रमाणपत्राच्या नाही, म्हणजे 14 नोव्हेंबर 2032. ही तारीख मी, माझ्या मुलीनं आणि काकांच्या मुलानं तिघांनी आपापल्या मोबाईलमध्ये घालून ठेवली आहे. आपल्या मोबाईल नंबरवर आणि मेलवर अर्ज करा, फक्त वकिलांच्या नको. पत्ता बदलला तर तो कार्यालयाला कळवा.

25 वर्गाचा अर्ज अजून अडकलेला आहे. कपड्यांत समई आणि दिव्यांचे बरेच छाप आधीच आहेत, आणि आमचा तिथे जुना वापर नाही. त्यामुळे जाकिटं सध्या बिनछापाची शिवते. तो परराज्यातला माल अजून मोबाईलवर दिसतो, त्याचं पुढे काय करायचं ते वकीलबाईंशी बोलणं चालू आहे. भौगोलिक मानांकनाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद व्हायचा अर्ज चेन्नईच्या कार्यालयात करायचा आहे, त्याची फी फक्त दहा रुपये आहे. त्याचे कागद जमवते आहे.

यंदाच्या आषाढीसाठी दोन मागांवर साठ चादरी विणल्या. सूत जड घ्यावं लागलं, रंग पक्का घेतला, एका चादरीमागे खर्च इतका वाढला की दुकानदारकाकांना भाव सांगताना माझी जीभ अडखळली. ते म्हणाले, पाठवा. 11 जुलैला गठ्ठा बांधायच्या आधी काका कारखान्यात आले. वाटणीत त्यांच्याकडे गेलेला तातांचा काटा रिक्षात घालून घेऊन आले होते. त्यांनी एकेक चादर उचलून काट्यावर ठेवली आणि नायनांनी वहीत लिहिलं. एक किलो आठशे ऐंशी, एक नऊशे दहा, एक नऊशे. साठच्या साठ तोलायला संध्याकाळ झाली. तीन चादरी काकांनी बाजूला काढल्या, त्यांचा काठ सैल होता. मग सत्तावन्नच गेल्या.